मशीनच्या खोलीवर ताईचं नाव

माझी ताई लोकांचे कपडे धुवायची. आता बोर्डावर तिच्या नावापुढे आरोग्यदूत लिहिलंय, प्रेरणास्थान लिहिलंय. जिवंत होती तेव्हा पोरं तिला फेसमावशी म्हणायची आणि मोठी माणसं म्हणायची, "काय ग, परत बटण तोडलंस?"

मी तिची धाकटी बहीण. शाळा चौथीपर्यंत. बोलते तसंच फोनवर गावच्या ग्रुपला लिहितेय, चुका काढत बसू नका. समितीच्या अध्यक्षांना दुसऱ्या वर्षाच्या अनुदानाच्या कागदावर माझी सही हवीय, कारण योजना ताईच्या नावावर आहे आणि तिला माझ्याशिवाय मागे कोणी नाही. मी सही केली नाही. दोन दिवस गावभर चाललंय की एका बाईच्या हट्टापायी गावाचं नुकसान. तर आधी ऐका, मग मला नावं ठेवा.

ओढ्यावर आमचे दोन दगड होते, शेजारी शेजारी. ती गिऱ्हाइकांचे कपडे धुवायची आणि मी माझ्या घरचे न् तिचे. तिला स्वतःचे धुवायला वेळच व्हायचा नाही. मी म्हणायचे, "दुनियेचे तू धुतेस आणि तुझे मी, मला काय मिळतं यातून?" ती म्हणायची, "माझी बडबड ऐकायला मिळते की फुकटात."

तिला कपड्यांवरून माणूस कळायचा. गिरणीवाल्याचा पायजमा वाळत घातला की त्याला मुंग्या लागायच्या. दुसऱ्या कपड्यांना नाही, त्याच्याच. तिने त्याच्या बायकोला सांगितलं, त्याची साखर तपासून घे. साखर निघाली, चांगली भरपूर. तो स्वतः चारचौघांत सांगतो, "माझा रोग मुंग्यांनी शोधला आणि फेसमावशीने," म्हणून मी लिहिलं. बाकीच्यांचं लिहिणार नाही. उशीवर घामाचे डाग कोणाच्या, रुमालात काय असायचं कोणाच्या, ते तिच्याबरोबर गेलं.

बायांचं तिला जास्त कळायचं. पण ती कोणाच्या घरी जाऊन विचारायची नाही. बाई ओढ्यावर आली, हात पाण्यात गेले, की ताई दगडाकडे बघतच म्हणायची, "किती दिवस चाललंय हे?" आणि ती बाईसुद्धा पाण्याकडे बघत बोलायची. समोर बसवून, डोळ्यात डोळे घालून विचारलंत तर कुठली बाई सांगेल तुम्हाला? "काही नाही, बरं आहे," एवढंच सांगेल. धुताना सांगते. मग ताई म्हणायची, "उद्या सहाची गाडी. मी येते."

मोठा दवाखाना दोन तास लांब. बाई एकटी जात नाही. नवऱ्याला कामावरून सुट्टी नाही, सासूला वाटतं नाटकं करते. ताईने यावर एक युक्ती काढली होती. ती त्या घरी जायची, पोट धरून ओट्यावर बसायची आणि सासूला म्हणायची, "मला फार होतंय हो, दवाखान्यात जायचंय, तुमच्या सुनेला पाठवता का सोबतीला?" कोणी नाही म्हणायचं नाही. मग सून तिच्याबरोबर जायची आणि तपासून यायची सून. परत येताना ताई कण्हत यायची, ते पण झकास. एकदा मी म्हटलं, "अग, स्टँडपासून कण्हतेस, कोण बघतंय इथे?" तर म्हणाली, "सवय मोडली तर घराशी चुकेन."

असं तिने किती वर्षं केलं. गावात तिची ख्याती काय, तर सारखी आजारी पडणारी बाई. "हिला महिन्यातून दोनदा काहीतरी होतंच," असं सासवा म्हणायच्या. आम्ही दोघी ओढ्यावर बसून यावर हसायचो. हसायचो, हे लक्षात ठेवा.

आमच्या गावच्या बाया वेळेवर येतात, बाकीच्या गावच्या उशिरा येतात, हे दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ताईला खोदून खोदून विचारलं आणि एका संस्थेला कळवलं. त्यांचा हेतू चांगला होता, त्यांच्यावर माझा राग नाही. संस्थेची माणसं आली. शाळेच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या, भिंतीला मोठे कागद चिकटवले, रंगीत पेनं आणली. म्हणाले, आरोग्यासाठी अनुदान आहे, पण लोकांनी सांगायचं काय हवं, लोकसहभाग पाहिजे.

लगेच समिती झाली आणि अध्यक्ष कोण, तर ज्यांचं फरशी-सिमेंटचं दुकान आहे ते. ते म्हणाले खोली बांधू. कोणीतरी म्हणालं, कपडे धुवायचं मोठं मशीन आणू, मावशीचे हात बघा, नुसत्या भेगा पडल्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिच्या हातांना मीच तेल लावायचे, मला वाटलं सुटली बिचारी.

ताई उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती. म्हणाली, "मशीन नको मला. बायांना दवाखान्यात न्यायला सोबत पाहिजे. दोन बाया नेमा, गाडीभाडं द्या, बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या. मी एकटी किती जणींना नेऊ?"

अध्यक्ष हसले. "मावशी, सोबतीला फॉर्ममध्ये रकाना नाही. आणि सोबत म्हणजे काय, गप्पा मारायला माणूस? त्याला कोण पैसे देतं?"

खोली हसली. त्या खोलीतल्या किती घरांतलं तिला माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर हसणं जागच्या जागी थांबलं असतं. बोलली नाही. अध्यक्ष म्हणाले, "या वर्षी मशीन होऊ दे, पुढच्या वर्षी तुमच्या सोबतीचं बघू, माझा शब्द." तिने सही केली. फॉर्मवर लिहिलं, लाभार्थी महिलेने स्वतः सुचवलेली योजना. वाचून दाखवलं तेव्हा ताई मला म्हणाली, "मी कधी सुचवली ग?"

खोली झाली. फरशी कुठल्या दुकानातून आली ते विचारू नका. मशीन आलं, समोर गोल काच असलेलं. ताईला स्टूल दिलं, हातमोजे दिले, किल्ली दिली आणि वही दिली, कोणाचे किती किलो ते लिहायला. नियम भिंतीवर लावला, गाठोडं उघडायचं नाही, आहे तसं मशीनमध्ये टाकायचं. आरोग्याच्या दृष्टीने. ज्या बाईला गाठोडं उघडून आरोग्य कळायचं, तिला आरोग्याच्या दृष्टीने गाठोडं उघडायची बंदी! मी एक दिवस गेले तर स्टुलावर बसून काचेकडे बघत होती. मी म्हटलं, "काय, टीव्ही लागलाय?" म्हणाली, "सगळं पांढरंच दिसतं बघ, फेसच फेस."

बाया ओढ्यावर यायच्या बंद झाल्या. गाठोडं ठेवायचं, संध्याकाळी वाळलेलं घेऊन जायचं. कोण कोणाशी बोलणार? आणि सगळ्यांच्या आधी मशीनकडे गेले ती मी. मला गिरणीत सफाईचं काम लागलं होतं, ओढ्यावर जायला वेळ नव्हता. माझे कपडे मशीनमध्ये आणि ताई स्वतःचे स्वतः टाकायची. तिचे कपडे माझ्या हाताखालून जायचे बंद झाले. वीस-बावीस वर्षं जात होते.

तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. दगडावर असते तर पहिल्या महिन्यात मला दिसलं असतं. तिनेच शिकवलं होतं मला, पाळी गेल्यावर परत अंगावरून रक्त जायला लागलं तर एक दिवस थांबायचं नाही. मला दिसलं असतं हो!

आणि तिने सांगितलं नाही असंही नाही. एक दिवस गिरणीत आली. पीठ झटकत मी उभी होते. म्हणाली, "येतेस का उद्या माझ्याबरोबर? मला दाखवायचंय." मी काय केलं माहितीये? मी डोळा मारला. म्हटलं, "या वेळी कोणाची सून पळवतेयस?" ती हसली. माझ्याकडे जरा बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे, तुझा खाडा होईल." आणि गेली. मला वाटलं आपण दोघी हसलो.

चार महिन्यांनी मशीनच्या खोलीत स्टुलावरून खाली पडली तेव्हा मी तिला घेऊन गेले. मी कपडे बदलले तिचे आणि मला कळलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक?" मी काय सांगू? तिच्या नावाची खोली बांधत होतो? पिशवीचा कॅन्सर, पसरलेला. पंधरा आठवडे राहिली. त्या पंधरा आठवड्यांत समितीतलं एक माणूस दोन तासांचा प्रवास करून दवाखान्यात आलं नाही. आजारी पडणारीच बाई, तिला काय बघायचं! एक सासू तर मला म्हणाली, "या वेळी खरंच का?"

आता परवाचं. संस्थेच्या बाई दुसऱ्या वर्षाचं ठरवायला आल्या. अध्यक्षांनी मला कागद दिला, त्यात लिहिलेलं की मशीनमुळे माझ्या बहिणीचे शेवटचे दिवस सुखाचे गेले. सुखाचे! हे मी वाचायचं आणि मग दुसरं मशीन, आणखी एक खोली, खाली माझी सही. मी कागद घडी करून खुर्चीखाली टाकला आणि म्हटलं, "ताईने सोबत मागितली होती. अध्यक्षांनी पुढच्या वर्षीचा शब्द दिला होता. पुढचं वर्ष हेच."

अध्यक्ष म्हणाले, "भावना समजतात, पण..."

मी म्हटलं, "भावना ठेवा तुमच्या दुकानात. सोबतीचं बोला."

संस्थेच्या बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "सोबत दाखवता येत नाही, फोटो निघत नाही, म्हणून अवघड जातं. पण लोकांनी मागितलं तर मी लिहीन. ज्यांना दवाखान्यात जायला सोबत हवी त्यांनी हात वर करा."

एक हात वर झाला नाही. तीस बाया होत्या. मागे नवरे उभे, बाजूला सासवा. हात वर केला म्हणजे मला काहीतरी झालंय असं सगळ्यांसमोर सांगणं. ज्यांना ताईने नेलं होतं, त्या माझ्या नजरेसमोर मान खाली घालून बसल्या. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा इतका राग आला की एकेकीचं नाव घेऊन बोलावं असं तोंडावर आलं. दात आवळून धरले.

अध्यक्ष म्हणाले, "बघा, लोकांना गरज नाही. हा लोकांचा निर्णय." बाईंनी लिहून घेतलं. माझ्यापुढे सहीचा कागद आला. मी म्हटलं, "बाई, तुम्ही उद्या सकाळी ओढ्यावर या, कपडे घेऊन बसा, मग विचारा." त्यांची गाडी पाचची होती. सही न करता मी उठले.

अध्यक्ष रात्री गिरणीवाल्याला घेऊन माझ्या घरी आले. "मृत माणसाच्या नावाने गावाचं भलं होतंय, तुझं काय जातं?" मी म्हटलं, "माझी बहीण गेली. आता नाव तरी फुकट देणार नाही. सोबत लिहा, सही घ्या." म्हणाले, "रकाना नाही, कितीदा सांगू!" मी म्हटलं, "मग सही पण नाही, कितीदा सांगू!" गिरणीवाल्याने मध्ये पडून त्यांना बाहेर नेलं, नाहीतर मी चहाचा कप फेकला असता.

काल सकाळी मी ओढ्यावर गेले. दगडावर शेवाळ चढलंय, घासून काढलं. थोड्या वेळाने सभेत मान खाली घातलेल्या तिघी आल्या. गाठोडी घेऊन आल्या. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, मी पण बघितलं नाही. धुता धुता जे बोलायचं ते बोललो.

तर ऐका. मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. पोट धरून कोणाच्या ओट्यावर बसणार नाही, ते सोंग माझ्या बहिणीला महागात पडलं. आम्ही चौघी उद्या सहाच्या गाडीने मोठ्या दवाखान्यात जातोय. कोणाला काय झालंय ते एकानेही विचारायचं नाही, आणि कोणाच्या घरी यावरून आवाज चढला तर मी त्या घरासमोर येऊन बसेन. गिरणीत माझी एक दिवसाची मजुरी जाईल, जाऊ दे.

अध्यक्षांना सही हवी असेल तर फॉर्मवर सोबतीचा रकाना आखून दवाखान्यात या. ओळ लांब असते, बसायला जागा मिळत नाही, दोन-तीन तास उभं राहायची तयारी ठेवा.