चिक्कप्पांच्या गाडीतली टकटक

चिक्कप्पा कोणाच्याही घरी गेले की आधी पंख्याकडे बघायचे. माणसांची विचारपूस नंतर. पंखा कुरकुरत असला तर कॉफी येईपर्यंत हे स्टुलावर! माझ्या साखरपुड्यात मंत्र चालू असताना ते दाराच्या बिजागरीत खोबरेल सोडत होते. मी डोळे वटारले, तर म्हणाले, "एवढं कण्हतंय बिचारं, कुणी विचारत नाही गं!"

चिक्कप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. म्हैसुरातली आमची मराठी अशीच, काकाला चिक्कप्पा आणि काकूला चिक्कम्मा म्हणणारी. कडकोळच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, आणि घरी आले की ती गाडी. कुठल्याशा कॉफीमळेवाल्यानं मोडीत काढलेली, लांबलचक, काळी, विलायती. मी तिला हत्तीण म्हणायचे. त्यांना भयंकर राग यायचा.

चिक्कम्मा सगळं विसरायला लागली तेव्हा ही हत्तीणच कामाला आली. घरात ती घाबरून फेऱ्या मारायची, गाडीच्या मागच्या गादीवर मात्र शांत बसायची. म्हणून रोज संध्याकाळी हुणसूर रस्त्यानं फेरी. पण इंजिन तापलं की खालून टकटक सुरू व्हायची आणि चिक्कम्मा दाराच्या मुठीशी झोंबायची. "अहो, दार उघडा! दिनू आला!"

दिनू त्यांचा एकुलता एक. बेल असताना बोटानं दार ठोकणारा. कॉलेजात असताना तापानं गेला, त्याला किती वर्षं झाली. चिक्कप्पांनी मागच्या दारांना कुलपं बसवली, पण तिचा तो आकांत त्यांना ऐकवेना. "दिनू बाहेर उभा आहे हो," म्हणून ती हात जोडायची. ती टकटक गेलीच पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

आणि टकटक तर महालबाड! थंड इंजिनात गप्प. तेल बदललं, व्हॉल्व्ह जुळवले, तरी रस्त्याला लागलं की आहेच. "रिक्षानं फिरवा ना तिला," मी एकदा वैतागून म्हटलं. "सुम्मनिरु!" म्हणून त्यांनी मला गप्प केलं. शेवटी त्यांनी तापलेली गाडी अंगणात उभी केली आणि चालू इंजिनाच्या प्लगांच्या वायरी एकेक करून काढून बघितल्या. एक काढली आणि टकटक एकदम दबली. "सापडला चोर!" त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं होतं.

तसलं बेअरिंग आता मिळतंय कुठे? ओळखीच्या ओताऱ्याकडून ओतून घेतलं आणि स्वतः बसून तासलं. निळा रंग लावायचा, बसवून फिरवायचं, जिथे टेकतं तिथे केसभर खरवडायचं, की पुन्हा रंग. हात कितीही धुतले तरी निळेच. आम्ही मूळचे कापडं रंगवणारे रंगारी. "आजोबांचे हात असेच असायचे," म्हणत त्याच हातांनी ते चिक्कम्माला भात भरवायचे.

गाडी जोडून झाली त्या संध्याकाळी मी चिक्कम्माजवळ मागे बसले. इंजिन तापलं. आवाज नाही! चिक्कप्पा आरशातून माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. चिक्कम्मा कान देऊन बसली होती. खूप वेळानं म्हणाली, "गेला का हो दिनू? आपण दार उघडलं नाही म्हणून रुसून गेला?"

आणि ती रडायला लागली. अशी रडली की माझ्याच्यानं आवरेना. "अय्यो, काय केलं मी हे," चिक्कप्पा पुटपुटले. मग एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यांनी दारावर टकटक केलं. तिनं डोळे पुसले. "आला!"

"आला, आला. घरी गेल्यावर उघडू हं दार."

त्यानंतर रोज तिच्यासाठी ते सगळा रस्ताभर दार ठोकत गाडी चालवायचे. बोटाचं हाड सुजायचं. मी बाम लावून द्यायचे आणि मनातून देवाला शिव्या घालायचे.

गेल्या वर्षी चिक्कम्मा गेली. दिवस झाल्यावर ते मला म्हणाले, "चल, गाडी उभी राहून खराब होईल." हुणसूर रस्त्याला लागलो, इंजिन तापलं, आणि त्यांचा हात सवयीनं दाराकडे गेला. मागे कोणी नव्हतं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी पाठीवर हात ठेवला, काहीतरी समजावू लागले.

"बेडा गं, आता नको अडवू," ते म्हणाले. "तिला सांभाळायचं होतं म्हणून दिनूसाठी रडलोच नाही मी. आता रडू दे."