मंदाताईंच्या चाकाचा डोस

दर दोन महिन्यांनी एका रविवारी मंदाताई सायकलचं चाक काढून कानाशी धरायच्या आणि हलवायच्या. आत खळखळलं तर ठीक. नाहीतर "पेशंट सुकलाय" म्हणत इंजेक्शनची मोठी सिरिंज काढायच्या.

दोन हजार आठच्या सुमाराला बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या आमच्या इमारतीत ट्यूब नसलेल्या टायरची सायकल फक्त त्यांच्याकडे होती, परदेशातल्या भावाने दिलेली. अशा टायरमध्ये दुधासारखं सीलंट भरतात. काटा घुसला की ते भोक बुजवतं. पण उन्हाळ्यात सुकतं, पुन्हा भरावं लागतं. शेजारच्या नवघरचा सायकलवाला वैतागून म्हणायचा, "मॅडम, ट्यूब डाल दो ना!" तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या ताई ऐकतात थोडंच! "पेशंट किचकट आहे म्हणून डिस्चार्ज देतात काय?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, चार दिवसांचा रस्ता कापत चिपळूणजवळच्या माहेरी सायकलने जायचं. वडिलांनी लहानपणी अंगणात सायकल शिकवली होती, पण मुलीच्या जातीला रस्त्यावर नेऊ दिली नव्हती. आता ते नव्वदीला टेकलेले, डोळे अधू झालेले. "ते आहेत तोवर त्यांच्या अंगणात सायकलवरून शिरणार," ताई म्हणाल्या. या वयात हे काय वेड, म्हणत त्यांच्या मुलाने अबोला धरला. ताई रोज जवळच्या मुर्धा गावापर्यंत सराव करत राहिल्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्या बांधाबांधीत होत्या, म्हणून सीलंट भरायचं काम मी मागून घेतलं. मी मेडिकलच्या दुकानात कामाला. सिरिंजवर हात बसलेला. मोजून डोस दिला आणि ऐटीत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी महाडच्या अलीकडून फोन आला.

"नितीन, काटा लागलाय. औषध नुसतं पाण्यासारखं गळतंय. भरताना बाटली हलवली होतीस?"

भोक बुजवणारा गाळ बाटलीच्या तळाशी बसतो. दिवसभर गिऱ्हाइकांना "हलवून घ्या" सांगणारा मी, वरचं पाणी भरून मोकळा झालो होतो.

"नाही, ताई. चुकलं माझं. तुमच्या मुलाला गाडी घेऊन पाठवू?"

"गाडीबिडी काही नको. उरलेली बाटली आणलीय मी, गाळ सगळा तिच्यातच आहे. ठेव फोन, मला दोन्ही हात लागतायत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या अंगणात शिरल्या. वडिलांनी टायर चाचपून पाहिला आणि म्हणाले, "हवा बरी हाय गो." पुढे ताई हे वाक्य त्यांच्याच सुरात म्हणून दाखवायच्या.

त्या परतल्यावर मी शरमेने त्यांना टाळत होतो. एका रविवारी त्यांनीच दार वाजवलं. हातात सिरिंज आणि नवी बाटली. मला वाटलं, आता चांगलीच खरडपट्टी निघणार.

"चल, डोसाची वेळ झालीय. तूच भर. आता तू आयुष्यात विसरणार नाहीस."

मंदाताई मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या मुलाने सायकल माझ्याकडे आणून ठेवली. मी चाक कानाशी धरलं. आत काहीच हललं नाही. नवी बाटली आणली आणि हलवायला लागलो. मध्येच रडू फुटलं, पण हात थांबवला नाही.