माझा नवस, संजूचे मंगळवार

देवीवर माझी श्रद्धा होती की नुसती भीती, हे मला कधी नीट सांगता आलं नाही. लातूरच्या भूकंपात आई गेली तेव्हा मी सातवीत होते आणि भाऊ, संजू, वर्षाचा. शाळा तिथंच सुटली. पत्र्याच्या शेडात मी त्याला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसायची, तो माझी वेणी मुठीत धरून झोपायचा. दिवस हालाचे होते, तरी आज पुण्याकडं शिलाईच्या मशीनवर बसले की तेच आठवतात.

पुढं तो लातूरला क्लासला गेला. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला तिथं येत. मी पहिल्यापासून घाबरट. माहूरच्या रेणुकाआईला नवस बोलून बसले, "ह्याचा नंबर लागू दे, डॉक्टर होईस्तोवर हा मंगळवारी कडक उपास धरील." नंबर लागला, नांदेडला. संजूनं एक मंगळवार मोडला नाही. दिवसभर वॉर्डात उभं राहायचं, नुसत्या पाण्यावर. मी फोनवर विचारायची, "धरलास का रे?" तो म्हणायचा, "हाव अक्का." तेवढ्यानं मला शांत वाटायचं.

तिसऱ्या वर्षी त्याला रक्ताची उलटी झाली. पोटात अल्सर. मी पोचले तेव्हा शिकत होता त्याच दवाखान्यात खाटेवर पडलेला. मला म्हणाला, "रडू नको अक्का. होस्टेलात सगळ्यांचंच काही ना काही बिघडलंय. कोणी झोपत न्हाई, कोणी चहावरच जगून राहिलंय. सगळ्यांच्या घरी कोणीतरी डोळे लावून बसलंय ना." ते मला लागलं.

दुसरा दिवस मंगळवार. डॉक्टरांनी वेळेवर खायला बजावलेलं. दुपारी मऊ खिचडी आली, संजूनं ताट सरकवलं. मी 'खा' म्हणायला हवं होतं. रेणुकाआईचा कोप होईल या भीतीनं जीभ उचलेना.

शेजारच्या खाटेवर नायगावकडचे एक म्हातारबाबा होते. त्यांची बायको देवीची आराधीण, गळ्यात कवड्यांची माळ. ती मघापासून बघत होती.

"नवस कोणी बोललं?"

"मी, मावशी."

"आन् उपाशी ह्यो! लईच हुशार हायस की गं. तोंड तुझं, पोट लेकराचं?" मग जवळ बसून हळू म्हणाली, "तिला आई म्हणतीस न्हवं? आजारी लेकराला उपाशी ठेवायला ती काय सावत्र हाय?"

तिनं घास कालवून त्याच्या तोंडापाशी नेला. एवढा शिकलेला पोरगा, पण त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं तोंड उघडलं.

संध्याकाळी तिच्या पाया पडावं म्हणून वळले, तर खाट रिकामी. बाबांना सुटी मिळाली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. ती कोण, कुठून आली, याचा मी खल करत नाही. हात जोडते, बस्स.

संजू आता उदगीरला डॉक्टर आहे. तेव्हा तो बरा झाल्यावर मी एकटीच माहूरला गेले होते. मोडलेल्या नवसाची माफी मागायची होती, पण "तूच बघ त्याचं," एवढंच तोंडून आलं. पायऱ्या उतरताना लक्षात आलं, या वेळी मी तिला काहीच कबूल करून आले नव्हते.