एक वाक्य खोडणारे कासीम गुरुजी

कासीम गुरुजींची आणि माझी ओळख एका मापावरून झाली. उस्मानाबादच्या एका कचेरीत मी बांधकामाचे नकाशे काढते. एके दुपारी काळी टोपी घातलेले एक गृहस्थ माझ्या मेजापाशी आले आणि म्हणाले, "बेटा, ढासळलेली विहीर नकाशात कशी दाखवतात?"

"मापे असली तर दाखवता येते," मी म्हटले.

"मापं कुणी घेतलीच नाहीत. एका माणसाच्या पाठीला तेवढी ठाऊक आहेत."

त्या माणसाचे नाव मलप्पा. जळकोटच्या शिवारात विहीर खोदताना तिची एक बाजू ढासळली आणि मलप्पा व त्यांचे जोडीदार तुकाराम खाली अडकले. गावाने आशा सोडल्यावर मलप्पा कपारीतून जिवंत निघाले. तुकाराम गेले. सोलापूरच्या एका प्रकाशकांना या हकीकतीचे पुस्तक हवे होते. मलप्पांना लिहिता येत नव्हते, म्हणून लोहाऱ्याच्या शाळेतले कासीम गुरुजी त्यांच्या नावाने, 'मी' म्हणून लिहीत होते. गुरुजींचे स्वतःचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेले. मराठी लिहायला ते विलीनीकरणानंतर, चाळिशी उलटल्यावर शिकले.

दुसऱ्याचा 'मी' कसा लिहितात याचे मला कुतूहल होते. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर एस.टी.ने जळकोटला जाऊ लागले. मलप्पा सांगत असताना गुरुजी कधीच लिहीत नसत. अंगणात त्यांच्याबरोबर शेंगा फोडत बसत आणि ऐकत. प्रश्न विचारत ते मात्र अजब. तोंडात माती होती तिची चव कशी होती? कोणता कान वरच्या बाजूला होता? घरी जाऊन ते लिहीत आणि पुढच्या खेपेला वाचून दाखवत. त्या वेळी शेजारपाजारही पोथीला जमावा तसा जमे.

एकदा त्यांनी वाचले, "त्या अंधारात मला परमेश्वराची आठवण झाली."

"न्हाय गुरुजी," मलप्पा म्हणाले. "मला तंबाखू आठवली. बंडीच्या खिशात व्हती, पन हात पोचंना."

"आन् मी?" त्यांच्या पत्नी आतून ओरडल्या.

"तू तंबाखूच्या मागनं."

अंगण हसले. गुरुजींनी तिथल्या तिथे परमेश्वर खोडून तंबाखू लिहिली.

पुढे मात्र एक चूक झाली, आणि ती या वाचनाच्या पद्धतीतूनच झाली. तुकाराम शेवटी काय बोलले, ते मलप्पांना आठवत नव्हते. जागा रिकामी दिसू नये म्हणून गुरुजींनी तात्पुरते एक वाक्य घातले: "मलप्पा, माझ्या लेकरांना अंतर देऊ नकोस." वाचताना बायकांनी डोळ्यांना पदर लावला, मलप्पा काही बोलले नाहीत, आणि वाक्य राहून गेले.

पुस्तकात घालायला विहिरीचा उभा छेद काढण्यासाठी मी मलप्पांना सारे पुन्हा विचारले, तेव्हा ते भराभर सांगू लागले. पण त्यांच्या 'व्हतं'चे 'होते' झाले होते, आणि तुकारामांचे ते वाक्य त्यांनी जसेच्या तसे म्हटले. पोथी पाठ व्हावी तशी त्यांना स्वतःची हकीकत पाठ झाली होती.

परतताना गुरुजींनी मला विचारले, "काय खटकलं?"

"नकलेवरून नक्कल काढली की पहिल्या नकलेतली चूक पक्की होते," मी म्हटले.

ते म्हणाले, "सोनाबाईंच्याही कानावर गेलंय ते."

सोनाबाई म्हणजे तुकारामांच्या पत्नी. जाताना धन्याने लेकरांचे नाव काढले, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या होत्या. प्रकाशकांना तेच वाक्य सर्वांत आवडले होते आणि प्रकरण छपाईला लागले होते. बाईला आधार मिळाला आहे, तो कशाला काढता, असे अनेकांनी गुरुजींना सांगितले. माझे मत मी दिले नाही.

गुरुजींनी छपाई थांबवली आणि ते मलप्पांना घेऊन सोनाबाईंच्या दारी गेले. नकाशा घेऊन मीही होते.

"सोनाबाई, ते वाक्य माझं आहे," गुरुजी म्हणाले. "तुकारामांचं नाही."

सोनाबाईंनी मलप्पांकडे पाहिले. "मंग तुमी म्हनलात ते?"

"वैनी, ऐकून ऐकून माझ्या बी तोंडात बसलं."

त्या उठून आत जातील असे मला वाटले. पण त्या तिथेच बसून राहिल्या. "मंग काय म्हनले ते?"

गुरुजींनी मलप्पांना नकाशातली कपार दाखवली आणि विचारले, "असे पडला होतात ना? इथं पडा." मलप्पा अंगणात कुशीवर आडवे झाले, एक हात डोक्यामागे घेतला, डोळे मिटले.

"गार लागतंय म्हनला," मलप्पा हळू बोलले. "पायाला गार लागतंय. मलप्पा, पानी लागलं रं. मी म्हनलं नव्हतं व्हय, हितंच लागंल म्हनून?"

सोनाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत आहेत की हसत आहेत, ते मला आधी कळले नाही.

"ह्ये त्यांचं," त्या म्हणाल्या. "मरताना बी आपलंच खरं केलं!"

पुस्तकात आता तेच आहे. पुस्तक मलप्पांच्या नावाने निघाले. गुरुजींचे नाव त्यात कुठेही नाही, पण आकृतीखाली माझे नाव छापावे असा आग्रह त्यांनी धरला. मी नको म्हटले, तर म्हणाले, "आकृती चुकली तर लोकांनी विचारायचं कुणाला?" माझे नाव छापलेले मी तेव्हा प्रथम पाहिले. हे त्यांना मी अजून सांगितलेले नाही.

गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे कान तिखट राहोत, एस.टी.चे धक्के त्यांच्या पाठीला सोसवोत आणि ज्यांना लिहिता येत नाही अशा माणसांपाशी बसायला त्यांना पुष्कळ निरोगी वर्षे मिळोत. गुरुजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहिते आहे असे सोनाबाईंना कळवले, तेव्हा त्यांनीही निरोप दिला. तो जसाच्या तसा देते:

"गुरुजींना लई औक्ष मिळू दे म्हनावं. आन् खाली लिव्हा, ह्ये सोनाबाईच म्हनली. दुसरं कुनी न्हाय."