काकांची किल्ली

चँडलर या अमेरिकन शहरातले आमचे घरमालक काका स्वतःच्याच घराची बेल वाजवून बाहेर थांबायचे. खिशात किल्ली असली तरी "येऊ ना?" असं विचारायचे आणि तापलेल्या पायरीवर बूट काढूनच आत यायचे. भाड्यानं द्यायला त्यांनी अशी चार घरं घेतली होती. मंदीत हप्ते थकले आणि बँकेनं चारही ताब्यात घेतली. आम्ही राहत होतो ते मी बँकेकडून स्वस्तात विकत घेतलं.

पुढच्या रविवारी बेल वाजली. काकांनी बूट काढले, मागच्या लिंबाला पाणी किती लागतं ते सांगितलं, मग जुडग्यातली किल्ली सोडवून माझ्या हातावर ठेवली.

"आता ओनर तू. ही माझ्याकडे कशाला?"

"थँक्स काका," म्हणून मी ती घेतली. कुलूप मी आदल्याच दिवशी बदललं होतं, त्यांनी न विचारता आत येऊ नये म्हणून.