गजराक्काचं कुंपण

गजराक्काच्या घराला दार होतं, पण ते कधी लागायचं नाही. मी लग्न होऊन मलकापुरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी पाहिलं, आमच्या आळीतल्या बायका कोयनेवर धुणं घेऊन निघाल्या की सरळ तिच्या अंगणातून जात. वाट बाजूनं होती, पण ती कुणी धरत नसे. अंगणात तिची चूल, चुलीपाशी ती भाकरी थापत बसलेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला तिचा एकच सवाल, "काय गं, भाकरीसंगं कोरड्यास काय केलंस आज?"

मी शेजारच्या घरातली नवी सून. सासूबाई म्हणायच्या, या बाईला आडपडदा म्हणून ठाऊक नाही. खरंच नव्हता. भांडायची ती अंगणात, हसायची अंगणात, केस विंचरत बसायची तीही अंगणात. कुणी टोकलं तर म्हणायची, "माज्या घरात बघण्यासारखं हाय काय? आन असंल तर बघा की." नवरा गेला तेव्हाही ती अंगणातच बसून रडली होती असं सांगत. मग पदर खोचून उसाला पाणी पाजायला गेली, कारण पाण्याची पाळी तिची होती.

आनंदा तिचा एकुलता एक मुलगा. तो लष्करात लॉरी चालवायचा आणि ब्रह्मदेशाकडे लढाईवर गेला होता. वर्दीतला त्याचा फोटो तिनं मुद्दाम दाराच्या समोरच्या भिंतीवर टांगला होता, म्हणजे अंगणातून जाणाऱ्याला तो दिसावाच. दिसायला फार देखणा होता. नाक तरतरीत, ओठावर जेमतेम फुटलेली मिशी. "ह्यो माजा आनंदा," असं ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, जणू तो आतल्या खोलीतून आत्ता बाहेर येईल.

लढाई संपली. आमच्या भागातली माणसं एकेक करून परतायला लागली. आनंदा येईना. मग एक दिवस त्याच्या पलटणीतला रहिमतपूरचा जोडीदार आला. मी तेव्हा तिच्या अंगणातच शेंगा फोडत होते. तो उभ्याउभ्याच बोलला. पेट्रोलच्या लॉरीनं पेट घेतला, आनंदा वाचला, पुण्याच्या लष्करी इस्पितळात आहे. एवढं सांगून तो खाली बघायला लागला. गजराक्कानं विचारलं, "वाचला न्हवं? मग खाली का बघतुयास?"

ती भावाला घेऊन पुण्याला गेली. परत आली त्या दिवसापासून अंगणातली चूल पेटली नाही. बायका धुण्याची पाटी घेऊन अंगणापर्यंत येत, आत बघत आणि गुपचूप बाजूच्या वाटेनं जात. आम्हांला वाटलं, आनंदाचं बरंवाईट झालं. पण ती सुतक पाळत नव्हती. आणि मग एका सकाळी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. "शालन, तुज्या मालकाची गाडी कऱ्हाडला दुकानाकडं जाती न्हवं? मला लाकडाच्या वखारीत जायाचंय. तू बी चल."

मला वाटलं, दार दुरुस्त करायचं असेल.

वखारीत इमाम मिस्त्री होते. आळीतल्या निम्म्या घरांची दारं-खिडक्या त्यांच्याच हातच्या. गजराक्का म्हणाली, "मिस्त्री, अंगणाला चारी बाजूंनी कुंपण घालायचंय." मी तिच्याकडे पाहतच राहिले. मिस्त्रीही हातातला रंधा खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या अंगणाला? कशापायी, आक्का? ढोरं शिरत्यात काय? मग निवडुंग लावा की."

"निवडुंगातनं दिसतं."

"कारवीचा कूड घाला. मेढ्याकडनं कारवी येती चांगली."

"कूडातनं बी दिसतं."

"मग दगडाची पवळ घाला, डोक्याएवढी."

"पवळीत वारा येत न्हाई. आत बसणाऱ्याचं कातडं लय आग करतं, मिस्त्री. त्येला वारा लागंल. ऊन लागंल सकाळचं. पर भायेरनं कुणाला दिसाया नगं."

इमाम मिस्त्रींनी दोन ऐनाच्या फळ्या काढून कडेला कड लावून उभ्या धरल्या. गजराक्का फळ्यांच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. "शालन, मी दिसते का गं?" मधल्या फटीतून तिच्या लुगड्याचा निळा रंग दिसत होता. मी तसं सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "आन उन्हाळ्यात लाकूड वाळलं की ही फट आणखी वाढंल." मग त्यांनी एक फळी आतल्या बाजूनं आणि दुसरी बाहेरच्या बाजूनं धरली, एकीची कड दुसरीवर चार बोटं येईल अशी. मध्ये वाशाएवढं अंतर. "ह्ये बघा. एक आतनं, एक भायेरनं. वारा वळसा घालून आत येईल."

"आन माणूस?"

"बघा की."

ती डावीकडून आली, उजवीकडून आली, खाली वाकून डोळा लावला. मला पलीकडे उभं करून तिनं स्वतः पाहिलं, मग मला पाहायला लावलं. मिस्त्रींना म्हणाली, "कड आणखी दोन बोटं चढवा. आन उंची येवढी करा, की बैलगाडीवर उभा ऱ्हायलेल्याला दिसू नये." एवढं निरखून तिनं कधी लुगडंसुद्धा घेतलं नसेल. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "आक्का, आनंदाला आणणार आहात ना?" तिनं मान हलवली आणि रस्त्याकडे बघत बसली.

कुंपण उभं राहिलं तशी आळी हादरली. लोकांना ते स्वतःच्या तोंडावर दार लावल्यासारखं लागलं. बेचाळीसच्या भूमिगतांचे दिवस नुकतेच होऊन गेले होते, तेव्हा कुणी म्हणालं, बाई कुणाला तरी लपवतेय. कुणी म्हणालं, आत भट्टी लावलीय दारूची. शेजारचे म्हातारे तात्या काठी टेकत गेले आणि बाहेरून ओरडले, "आगं गजरे, आमी काय चोर हाय व्हय?" आनंदाला तिनं कधी आणलं हे कुणालाच कळलं नाही.

संक्रांतीला मी वाटीत तिळगूळ घेऊन गेले. फळ्यांच्या फाटकाला नुसती कडी होती. हाक मारली, कुणी बोललं नाही, म्हणून मी ते ढकललं. अंगणात उन्हाला पाठ करून एक माणूस बाजेवर बसला होता. फाटक वाजलं तसा तो वळला.

ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मेण वितळून पुन्हा थिजावं तशी अर्ध्या चेहऱ्याची कातडी झाली होती. एक कान नव्हता. वरचा ओठ ओढला जाऊन दात उघडे पडले होते, आणि एका डोळ्याची पापणी मिटत नव्हती. माझ्या हातातली वाटी पडली. तो उठला, तिळगूळ एकेक वेचून वाटीत भरला आणि वाटी माझ्यापुढे धरली. "भिऊ नगा वैनी. आनंदा हाय मी." आवाज इतका साधा आणि तरुण होता की मला आणखीनच धक्का बसला. तेवढ्यात गजराक्का धावत बाहेर आली, मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं आणि म्हणाली, "बगितलंस न्हवं? आता कुणाला सांगू नगंस." मी सांगितलं नाही. पण त्या दिवसानंतर मला आत यायची मुभा मिळाली.

आनंदाची बायको शेवंता मेढ्याकडची. लढाईवर जायच्या आधी लग्न झालं होतं, पण नांदली अशी फारशी नव्हतीच. ती वडलांबरोबर आली. वडलांनी जावयाला पाहिलं, बाहेर येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, चल. तुला कुणी नावं ठेवणार न्हाई." शेवंता अंगानं बारीक, बोलायला लाजाळू. तिनं डोक्यावरची गाठोडी उतरवली आणि वडलांना पाणी आणून दिलं. "तुमी जावा आण्णा," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी खोबरेल घेऊन त्याच्या चेहऱ्याला लावायला बसायची. कातडं ताणायचं थांबावं म्हणून इस्पितळातल्या डॉक्टरांनी ते सांगितलं होतं. मी बघितलंय, ती लावता लावता त्याच्याशी बोलायची, आणि बोलताना सरळ त्याच्या डोळ्यांत बघायची.

तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. गजराक्का बघत नव्हती. ती ताट आणायची, मुलापुढं ठेवायची आणि ठेवता ठेवताच वळायची. त्याच्याशी बोलायची ती चुलीकडे तोंड करून, नाहीतर भिंतीवरच्या फोटोकडे बघून. "आणखी भाकरी घे रं," म्हणायची आणि नजर फोटोवर. आधी मला वाटलं, आपल्याला भास होतोय. मग मी बारकाईनं पाहायला लागले, आणि ज्या बाईनं आयुष्यात कुणापासून नजर चोरली नाही ती घरातल्या घरात मुलाची सावली बघून बाजूला होते हे मला स्पष्ट दिसलं. कुंपण आळीसाठी होतं असं मी समजत होते.

दसऱ्याच्या आधी शेवंता बाळंतपणाला माहेरी गेली. दसऱ्याच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा गजराक्कानं झेंडूच्या माळा करून सगळ्या घराला लावल्या होत्या. देवाला, उंबऱ्याला, नांगराला, पाटा-वरवंट्याला. मी सोप्यात पाय टाकला आणि जागच्या जागी थिजले. आनंदाच्या फोटोलाही हार होता. कपाळावर कुंकवाचं बोट.

"आक्का," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"काय गं?" म्हणत ती वळली. तिनं फोटोकडे पाहिलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं. हातानं हार घातला होता, मनाला पत्ता नव्हता. ती हार काढायला पुढे झाली, पण आनंदा माझ्या मागंच दारात उभा होता. त्यानं पाहिलं होतं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळूच फोटोपाशी गेला, हार काढला, हातात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "आये, ह्यो गेला असंल तर मी कोण?"

गजराक्का खाली बसली. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मला तुज्याकडं बघवत न्हाई रं. लय परयत्न केला. बघवत न्हाई."

"ठावं हाय मला," आनंदा म्हणाला. "पुण्यात आलतीस, तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? तू माजी आय हायस." त्यानं हार देवापुढं ठेवला. "तुला बघवत न्हाई तर नगं बघूस. मी काय म्हणत न्हाई. पर दुसऱ्यांस्नी तर बघू दे. ह्या फळ्यांच्या आत मी जित्ता हाय का मेलोय ह्येच मला कळंना झालंय."

तो बाहेर गेला, गोठ्यातली पहार आणली आणि आळीकडच्या बाजूच्या फळ्या काढायला लागला. चांगल्या ठोकल्या होत्या मिस्त्रींनी, सहज निघत नव्हत्या. खिळे करकरायला लागले तशी आळी गोळा झाली. फळ्या खाली पडत गेल्या आणि तो दिसत गेला. एक बाई किंचाळून घरात पळाली. लेकरं आयांच्या मागं लपली. आनंदानं वर पाहिलंच नाही, फळ्या एकावर एक रचत राहिला. तात्या मात्र काठी टेकत जवळ आले. त्यांची मान लटपटत होती. बराच वेळ त्यांनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "लय सोसलंस रं पोरा. सोनं घे." आपट्याची पानं त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. आतून कोणीतरी हुंदका देत असल्याचं मला ऐकू आलं. गजराक्का बाहेर आली नाही.

आळी एका दिवसात सरावली असं नाही. लहान मुलं पुढे कितीतरी दिवस त्याला पाहून रडत. पण आनंदाला इंजिनाचं काम येत होतं, आणि विहिरींवर तेलाची इंजिनं बसायला लागली होती. त्या फळ्यांतून त्यानं अंगणातच एक लांब फळकूट केलं आणि त्यावर इंजिनाचे भाग मांडून दुरुस्ती सुरू केली. मळ्यातली माणसं यायला लागली. इंजिन पाणी ओढतं की नाही एवढ्याशीच त्यांना मतलब होता. बाकी तीन बाजूंचं कुंपण मात्र गजराक्कानं काढू दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या मालकांनी दुकान सांगलीला हलवलं. निघायच्या सकाळी मी गजराक्काचा निरोप घ्यायला गेले. शेवंता पाण्याला गेली होती, तिचं बाळ झोळीत झोपलं होतं. अंगणात उन्हाला आनंदा खाली बसला होता आणि त्याच्यामागं नाही, समोर, गजराक्का खोबरेलाची वाटी घेऊन बसली होती. दसऱ्यानंतर शेवंता परत येईपर्यंत तेल लावायचं काम तिच्यावर आलं होतं, आणि ती आल्यावरही गजराक्कानं ते सोडलं नव्हतं. सुरुवातीला डोळे मिटून लावायची, असं शेवंतानं मला सांगितलं होतं. आज डोळे उघडे होते.

मला फार बरं वाटलं. आनंदा हात धुवायला उठला तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आक्का, झाली ना सवय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, पूर्वी अंगणातून पाहायची तसं, थेट.

"न्हाई गं," ती म्हणाली. "रोज पोटात कालवतं. आजबी कालवलं. पर बघते."

आनंदा परत येऊन बसला. तिनं त्याची हनुवटी धरली, चेहरा उन्हाकडं वळवला आणि न मिटणाऱ्या पापणीखालून बोट फिरवायला लागली. "हालू नगंस," ती त्याला म्हणाली, "डोळ्यात जाईल."