आप्पासोंनी सांगितलं तसं केलं

नाथाजीला कुणी चांगलं म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे, "आप्पासोंनी सांगितलं तसं केलं."

वडूजकडच्या कोरडवाहू गावातून कराडला येऊन त्यानं मेकॅनिकलची पदविका घेतली आणि कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर लागला. आप्पासो तिथले चीफ इंजिनियर. त्यांनीच त्याला कामाला चिकटवलं, लग्नातही ते बापाच्या जागी उभे राहिले. त्यामुळं त्यांना मान देणं नाथाजीला कधी जड गेलं नाही. शिवाय त्या मुलखाची रीतच तशी. धाकट्यानं श्रेय वडीलधाऱ्याच्या पायाशी ठेवायचं आणि वडीलधाऱ्यानं ते उचलून चारचौघांत धाकट्याच्या पदरात घालायचं, "मी कसला? समदं ह्या पोराचं हाय." पाहुणा आधी नको नको म्हणतो, यजमान हाताला धरून पाटावर बसवतो, त्यातलाच हा प्रकार. यजमानानं हात धरलाच नाही तर पाहुण्यानं उपाशी जायचं, हे मात्र नाथाजीच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या हंगामात एका दुपारी फायरमन ज्ञानू ओरडत आला.

"आवं, काचेत पाणीच दिसंना!"

बॉयलरच्या अंगावर काचेची नळी असते. तिच्यात पाणी दिसलं की आत पाणी आहे. ती रिकामी होती आणि खाली भुशाचा जाळ रोरावत होता. पाण्याच्या पंपाची झडप कधी अडकली ते कुणालाच कळलं नव्हतं. त्याच दिवशी संचालक मंडळ पाहुणे घेऊन कारखाना दाखवायला आलेलं. आप्पासो धावत आले.

"झडप मोकळी करून पंप सोड रं! गाळप थांबलं तर चेअरमन मला फाडून खाईल."

नाथाजीनं झडपेवर हात ठेवला आणि तो तिथून हलला नाही. तापून लाल झालेल्या पोलादावर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटतो, आणि मग आसपासचं माणूस ओळखायलाही उरत नाही.

"न्हाई सोडायचं आप्पासो. जाळ काढा. आधी जाळ."

उभ्या जन्मात त्यानं आप्पासोंना नाही म्हटलं ते तेवढंच. ज्ञानूनं बाकीच्यांना हाताशी घेऊन जाळ ओढून काढला. गाळप बंद पडलं. उसाच्या बैलगाड्या नदीपर्यंत तुंबल्या आणि चेअरमननं आप्पासोंना पाहुण्यांसमोर नको ते सुनावलं. पुढं सरकारी तपासनीस आला, सगळं पाहून म्हणाला, "ज्यानं पंप बंद ठेवला त्यानं कारखाना वाचवला." तेव्हा आप्पासो म्हणाले, "थांबवावं लागलं मला."

ज्ञानू नाथाजीच्या कानाशी लागला. "का वो, इंजिनियर? तुमचा हात कुटं हाय ह्यात? का झडप मीच धरली हुती?"

"गप रं. वेळ आली की ते आपणहून सांगतील."

वेळ दीड वर्षानं आली. बॉयलर-इंजिनियरच्या परवान्याची लेखी परीक्षा नाथाजी पास झाला. उरली होती तोंडी. तिच्यात पुस्तकातलं फारसं विचारत नाहीत. स्वतःच्या जबाबदारीवर काय काम केलं ते जोखतात. कारखान्यात मोठा नवा बॉयलर बसत होता, आणि परवाना मिळाला की त्याचा ताबा नाथाजीकडे येणार हे ठरल्यासारखं होतं. अंजनानं, त्याच्या बायकोनं, त्या दिवसासाठी सदऱ्याला दोनदा इस्त्री केली.

आप्पासो त्याला आपल्या जीपमधून सांगलीला घेऊन गेले. वाटेत चहा पाजला, अंजनासाठी भडंगाचा पुडा घेऊन दिला. कारखान्याच्या वतीनं तेही खोलीत कडेच्या खुर्चीवर बसले. परीक्षकांनी आप्पासोंचा दाखला वाचला: आज्ञाधारक, विश्वासू, सांगितलेलं काम चोख करणारा.

"पाणी उतरल्याची घटना लिहिलीय तुम्ही. पंप बंद ठेवायचा निर्णय कुणाचा?"

नाथाजीनं आप्पासोंकडे पाहिलं. ते धोतराच्या सोग्यानं चष्म्याची काच पुसत होते. नाथाजीला वाटलं, हीच वेळ. आपण श्रेय पुढं ठेवायचं, ते उचलून आपल्या पदरात घालतील.

"आप्पासोंनी सांगितलं तसं केलं, साहेब."

आप्पासोंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. परीक्षक त्यांच्याकडे वळले तेव्हा आप्पासो हळूच म्हणाले, "पोरगं आज्ञेत आहे."

"बरं," परीक्षक म्हणाले, "तुमच्या स्वतःच्या निर्णयाचं दुसरं एखादं उदाहरण सांगा."

दुसरी होती की! पण आता 'मी केलं' म्हणायचं म्हणजे आधीचं खोटं ठरणार, आणि आप्पासोंच्या तोंडावर त्यांना खोटं पाडायचं. "दुसरं नाही, साहेब," तो म्हणाला.

शेरा आला: स्वतंत्र जबाबदारीचा अनुभव दिसत नाही.

घरी अंजनानं भडंगाचा पुडा सोडलासुद्धा नाही. "तुमी का न्हाई बोललासा?"

"वाटलं, ते बोलतील."

"व्हय. आन् त्यास्नी वाटलं आसंल, तुमी न्हाई बोलायचा. तुमच्यापरीस त्यास्नी तुमी जास्त ठावं."

नव्या बॉयलरवर परवान्याचा माणूस बाहेरून आला. पुन्हा परीक्षेला बसायचं तर स्वतःच्या जबाबदारीवरचा नवा अनुभव दाखवायला हवा, आणि जबाबदारी तर आता त्या माणसाची. नाथाजीनं नाद सोडला. ज्ञानू त्याला इंजिनियर म्हणायचा तेही बंद झालं. थट्टा करायलाही त्यात काही उरलं नव्हतं.

एकोणऐंशी साली आप्पासो निवृत्त झाले. कारखान्याच्या आवारात मांडव घातला. भाषणाच्या शेवटी ते माईकजवळ सरकले. म्हणाले, "आज एक सांगतो. त्या दिवशी बॉयलर मी वाचवला नाही. मी पंप सोड म्हणत होतो. वाचवला तो ह्या नाथाजीनं!"

मांडवभर टाळ्या पडल्या. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! आप्पासोंनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून नाथाजीच्या गळ्यात घातला आणि माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

नाथाजीनं समोर पाहिलं. चेअरमन होते, सभासद होते, मागं ज्ञानू होता. ते परीक्षक तेवढे नव्हते.

"आप्पासोंनी सांगितलं तसं केलं," तो म्हणाला.

लोक खूष होऊन हसले. आप्पासो हसले नाहीत. त्यांनी माईक हळूच खाली घेतला, आणि नाथाजी हार घालूनच आपल्या पाळीवर गेला.